साडेतीन टक्क्यांचं ते चित्र

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक चित्र फिरतं. घरात आधी वडिलांनी ख्रिस्तावर विश्वास धरला तर बाकीचं घर मागोमाग येण्याची शक्यता 93 टक्के, आईने धरला तर 17, मुलाने धरला तर साडेतीन. खाली तात्पर्य: मुलांमागे वेळ घालवू नका, घरच्या कर्त्या पुरुषाला धरा. गेल्या रविवारी उपासनेनंतर एकाने हे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले, तेही आमच्या संडे स्कूलच्या शिक्षिकेसमोर. म्हणून लिहायला बसले.

आधी आकडे. पाहणी कोणी केली, कोणत्या साली, किती घरांत, यातलं एक अक्षरही त्या चित्रात नाही. असा आकडा काढायचा तर शेकडो घरांचा वर्षानुवर्षं माग ठेवावा लागेल. शिवाय ‘मागोमाग येणं’ म्हणजे बाप्तिस्मा घेणं की नाताळला एकदा डोकावणं, हेही ठरवावं लागेल. तोवर ती ऐकीव गोष्ट आहे.

मग कोणीतरी स्वित्झर्लंडची पाहणी पुढे करतं. ती खरी आहे, 1994 सालची. आई नेमाने चर्चला जाते आणि वडील अजिबात जात नाहीत, अशा घरांतली जेमतेम 2 टक्के मुलं पुढे नेमाने जाणारी निघाली. दोघंही जात असतील तर 33 टक्के. वडिलांच्या जाण्याला वजन आहे हे मला मनापासून मान्य आहे. पण तिथे मोजलं ते आईवडिलांकडून मुलांकडे काय गेलं ते. मुलामुळे आईवडील परत आले का, हा प्रश्न त्या आकड्यांत नाहीच.

तिसरं, ‘लहानांना काय कळतं, ती पोपटासारखं बोलतात.’ हे मला लागतं, कारण माझे यजमान सहा-सात वर्षं चर्चला येत नव्हते. भांडण काही नव्हतं, सुटलं होतं इतकंच. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. एकदा जेवणाआधीची प्रार्थना झाल्यावर तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “पप्पा, तुमचं आमेन राहिलं.” त्यांनी पुटपुटत म्हटलं. पुढे शनिवारी रात्री ती त्यांचे बूट पुसून दाराशी आपल्या बुटांशेजारी मांडून ठेवू लागली. चार रविवार ते तसेच राहिले. चर्चमधून आली की ती मुकाट्याने उचलून जागेवर ठेवायची. पाचव्या रविवारी त्यांनी ते घातले. एका घरावरून टक्केवारी निघत नाही, हे मलाही कळतं. पण पोपट शिकवलेलं बोलतो, आणि हे तिला कोणीच शिकवलं नव्हतं.

कॅथलिक मंडळीतही हा वाद होऊन गेलाय. पुष्कळ ठिकाणी मुलांना प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्यासाठी, दहा-बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबवत. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये ते वय सातच्या आसपास आणलं. साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतला फरक मुलाला ओळखता आला की पुरे, असं ठरलं.

आणि पवित्र शास्त्र? दुसरे राजे, पाचवा अध्याय. अरामी सेनापती नामान कुष्ठरोगी. त्याच्या घरात इस्राएलातून धरून आणलेली एक लहान मुलगी, त्याच्या बायकोची दासी. आमचे धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे असते तर बरे झाले असते, एवढंच ती आपल्या धनिणीला म्हणते. ते बोलणं नामानापर्यंत जातं, तिथून राजापर्यंत, आणि सेनापती लवाजमा घेऊन निघतो. ती मूल होती, परकी होती, दासी होती. तिचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचे वडील ग्रीक होते, विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून, हे त्या 17 टक्केवाल्यांसाठी.

एक गोष्ट मात्र मीच सांगते: मुलाला गळाला लावू नये. ‘आईबाबांना चर्चला आणा, बक्षीस मिळवा’ असल्या योजना मला पटत नाहीत. ज्याचे वडील येणार नाहीत ते मूल तिथे उघडं पडतं.

आकडे ऐकताना ती शिक्षिका काही बोलली नाही, मुलांच्या वह्या गोळा करत राहिली. तिच्या वर्गातल्या दोन मुलांच्या घरून दुसरं कोणीच येत नाही. दर रविवारी ती दोघं एकमेकांचा हात धरून चालत येतात आणि बायबल उघडून पहिल्या बाकावर बसतात.