रॅम वाढवली म्हणून पेनड्राइव्ह पळत नाही

लग्नसराई सुरू झाली की सांगली-मिरजेच्या फोटो स्टुडिओवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. 'कॉपीचा स्पीड चौपट करा, दुकानदार हे कधीच सांगणार नाहीत!' खाली पाच उपाय: रॅम ८ जीबीची १६ करा, दुप्पट मेगाहर्ट्झची रॅम घ्या, पेनड्राइव्ह निळ्या पोर्टला लावा, सेटिंगमध्ये 'बेटर परफॉर्मन्स' निवडा म्हणजे 'सेफली रिमूव्ह'ची कटकट नाही, आणि एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवायची खिडकी) प्रोसेसरची संख्या वाढवा. विश्रामबागला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम, त्यामुळे 'दादा, हे खरं का?' म्हणून तो फिरून माझ्याकडेच येतो. तर घ्या.

रॅम दुप्पट, कॉपी दुप्पट? कॅमेऱ्याच्या कार्डातली फाइल पेनड्राइव्हवर जाताना मध्ये रॅममध्ये टेकते, एवढं खरं. पण डीडीआर४-३२०० ची (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा तिचा वेग) एक पट्टी सेकंदाला ३२० कोटी वेळा, दर वेळी ८ बाइट, म्हणजे २५.६ जीबी डेटा हलवू शकते. स्वस्तातला पेनड्राइव्ह लिहितो सेकंदाला १५-२० एमबी. हजारपटीचा फरक आहे. सांगलीवाडीकडचा रस्ता कितीही रुंद करा, आयर्विन पुलावरून गाड्या पुलाच्या रुंदीनेच जाणार. रॅम कमी पडत असेल, एडिटिंग करताना मशीन अडकत असेल, तर १६ जीबी जरूर घ्या. कॉपीसाठी घेऊ नका.

खरी अडचण पेनड्राइव्हच्या पोटात आहे. ४० जीबीचा लग्नाचा व्हिडिओ टाकताना विंडोजचा हिरवा आलेख नीट बघा. सुरुवातीला टेकडीसारखा वर, शंभरच्या पुढे, आणि थोड्या वेळात धपकन खाली येऊन सरळ रेघ. पेनड्राइव्हमध्ये डेटा साठवते ती फ्लॅश चिप. आजच्या बऱ्याच फ्लॅश चिपमध्ये एका पेशीत ३ बिट ठेवतात, म्हणजे विद्युतभाराच्या ८ वेगवेगळ्या पातळ्या; ४ बिट ठेवले तर १६. एवढी बारीक पातळी अचूक साधायला चिप थोडा थोडा भार देते, तपासते, पुन्हा देते. यात वेळ जातो. म्हणून काही पेनड्राइव्ह आणि बहुतेक एसएसडी (फ्लॅश चिपचीच, पण वेगवान डिस्क) थोडी जागा पेशीला एकच बिट अशी भराभर भरून घेतात. ती जागा संपली की मूळ चाल उघडी पडते. सेकंदाला २० एमबीच्या चालीने ४० जीबीला अर्ध्या तासावर वेळ लागणारच. तोवर गिऱ्हाइकाला चहा पाजा.

दुप्पट मेगाहर्ट्झचा मुद्दा जरा खोलात बघण्यासारखा आहे, कारण यात अर्धं सत्य दडलंय. पट्टीवर ३२०० लिहितात तेव्हा रॅमचं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचंच, म्हणजे सेकंदाला १६० कोटी ठोक्यांचं असतं. प्रत्येक ठोक्याच्या चढावर आणि उतारावर, असा दोनदा डेटा जातो. आता गणित करा. सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर तो यायला लागणारे ठोके. डीडीआर३-१६०० ची सीएल ११ ची पट्टी: घड्याळ ८०० मेगाहर्ट्झ, ठोका १.२५ नॅनोसेकंदाचा, ११ ठोके म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. डीडीआर४-३२०० ची सीएल २२ ची पट्टी: ठोका ०.६२५ चा, २२ ठोके, पुन्हा १३.७५! आकडा दुप्पट झाला, पण मागितलेला डेटा यायला लागणारी वाट तेवढीच. रॅमची पेशी म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि त्यातला भार ओळखायला लागणारा वेळ पिढ्यान्‌पिढ्या फारसा कमी झालेला नाही. वेग वाढला तो एका खेपेत जास्त बिट उपसून: डीडीआरमध्ये २, डीडीआर२ मध्ये ४, डीडीआर३ मध्ये ८.

या मेसेजवाल्याला फुकटातलंच काही सांगायचं होतं, तर दोन गोष्टी होत्या. सारख्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की ड्युअल चॅनल चालू होतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम डेटा हलवतात, आणि वेग सेकंदाला ५१.२ जीबीपर्यंत जातो. आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवायची सोय, चालू नसेल तर ३२०० चे पैसे देऊन पट्टी २६६६ किंवा २१३३ वर चालत असू शकते. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये या दोन्ही गोष्टी राहून गेलेल्या सर्रास दिसतात. पेनड्राइव्हला मात्र यानेही काही फरक पडत नाही.

निळा पोर्ट? तो बहुधा यूएसबी ३ चा असतो. यूएसबी २ ची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, भागिले आठ म्हणजे कागदावर ६० एमबी. यूएसबी ३ ची ५ गिगाबिट. बाहेरची एसएसडी असेल तर निळाच वापरा, जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मुळात सेकंदाला २० एमबीने लिहिणाऱ्या पेनड्राइव्हला पोर्टाचा रंग कुठलाही चालतो.

चौथ्या उपायावर मात्र माझा राग आहे. 'बेटर परफॉर्मन्स' निवडलं की विंडोज डेटा रॅममध्ये धरून ठेवतं आणि सवडीने लिहितं. हिरवी पट्टी संपते, खिडकी बंद होते, पण पेनड्राइव्हवरचा दिवा लुकलुकतच असतो. तेव्हाच उपटला की शेवटचा भाग गेला. मग संध्याकाळी तासगावहून फोन येतो, 'ओ दादा, मंगलाष्टकाच्या मधेच व्हिडिओ थांबतोय.' या सेटिंगमध्ये पेनड्राइव्ह उपटण्याआधी 'सेफली रिमूव्ह' करणं सक्तीचं असतं. मेसेज नेमकं उलटं सांगतो. म्हणूनच २०१८ च्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' (डेटा धरून न ठेवता लगेच लिहिणारी) हीच मूळ सेटिंग आहे. ती तशीच राहू द्या.

एमएसकॉन्फिगचं तर काहीही! विंडोज प्रोसेसरचे सगळे कोर (त्यातले काम करणारे भाग) आधीच वापरतं. तो रकाना चाचणीसाठी कोर कमी करायला ठेवलाय.

वेळ वाचवायचाच असेल तर हजारो जेपीजी सुटे ओढू नका. कॉम्प्रेशन न करता एकच झिप करून टाका, कारण प्रत्येक फाइलमागे नोंदीचं वेगळं काम लागतं. कॅमेऱ्याचं कार्ड घेताना व्ही३० किंवा व्ही६० बघा. तो आकडा म्हणजे सलग लिहिण्याचा किमान वेग, सेकंदाला एमबीमध्ये. पेनड्राइव्हच्या पाकिटावर ठळक छापलेला आकडा बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा विचारून घ्या. रोज मोठे व्हिडिओ द्यायचे असतील तर छोटी बाहेरची एसएसडी ठेवा आणि गिऱ्हाइकाकडून परत मागायला लाजू नका.