वापर माझा, मग नियम कशाला?

गेले काही दिवस एक मजकूर फिरतो आहे. मलाही तो चार-पाच जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी अगदी कळकळीने. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: हवामान बदल थांबवायचा तर प्रत्येकाने आपापल्या सवयी बदलाव्यात, सरकारने लोकांच्या खरेदीत नाक खुपसू नये. कर आणि बंदीने कुणी बदलत नाही, मार गरिबाला बसतो, अर्थव्यवस्था गाळात जाते, तंत्रज्ञान हा प्रश्न सोडवणारच आहे, आणि असली बंधनं लोक खपवूनही घेत नाहीत. ऐकायला सगळं शहाणपणाचं वाटतं, म्हणूनच एकेक म्हणणं तपासायला हवं.

आधी सवयींचं बघू. गेल्या वर्षी माझा फोन दुपारपर्यंतच तग धरू लागला. बाकी ठणठणीत, फक्त बॅटरी थकलेली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, या मॉडेलची बॅटरी आता येत नाही, नवा फोन घ्या. मग मी एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने फोन गरम पॅडवर ठेवला, गोंद सैल झाल्यावर मागच्या काचेच्या कडेने प्लॅस्टिकची पातळ पट्टी हळूहळू सरकवत नेली, आणि कॅमेऱ्यापाशी येताच काच तडकली. आत बॅटरीसुद्धा तळाला चिकटवलेली. "ताई, हा उघडण्यासाठी बनवलेलाच नाही," तो म्हणाला.

माझ्या सवयीत काय खोट होती? मला जुनाच फोन वापरायचा होता. फोनमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा हिस्सा तो बनतानाच होऊन गेलेला असतो, त्यामुळे तो जास्तीत जास्त वर्षं वापरणं हेच ग्राहकाच्या हातातलं सगळ्यात मोठं काम. पण ते माझ्या हातात ठेवलंच नव्हतं. युरोपीय संघाने नेमकं तिथे बोट ठेवलं. २० जून २०२५ पासून तिथल्या बाजारात येणाऱ्या नव्या स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं मिळाले पाहिजेत, असा नियम आहे. कितीही काटकसरी असले तरी एकट्या ग्राहकाला हे घडवून आणता आलं नसतं.

"सरकारने खरेदीत नाक खुपसू नये" म्हणणाऱ्यांनी बल्बचा इतिहास जरूर आठवावा. १९२४ साली बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हात संगनमत केलं आणि बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं. ज्याचे बल्ब जास्त टिकतील त्या सदस्याला दंड. म्हणजे आपण किती आणि कितीदा विकत घ्यायचं यात कुणीतरी आधीच ढवळाढवळ करत असतं. फरक इतकाच, की त्यांना आपण मत देऊन बदलू शकत नाही. सरकारला बदलू शकतो.

कर-बंदीने लोक बदलत नाहीत, हे तर उघडच चूक आहे. आयर्लंडने २००२ साली प्लॅस्टिकच्या पिशवीवर १५ सेंटचा कर बसवला. तोवर माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या वापरल्या जात, त्या २१ वर आल्या. ओझोन थराच्या बाबतीत तर सवयींचा प्रश्नच आला नाही. १९८७च्या माँट्रियल करारामुळे घातक वायू बनवणं आणि वापरणं टप्प्याटप्प्याने बंद झालं. घरोघरी फ्रीज राहिले, त्यातला वायू बदलला.

गरिबाला मार बसतो, या आक्षेपात मात्र तथ्य आहे आणि तो झटकून टाकणं मला पटत नाही. २०१८ साली फ्रान्समध्ये इंधनावरचा कर वाढत होता आणि त्याच वर्षी श्रीमंतांवरचा संपत्ती कर कमी केला गेला होता. गाडीशिवाय कामावर पोचता न येणारी माणसं पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर उतरली, आणि करवाढ मागे घ्यावी लागली. त्यांचा राग मला रास्त वाटतो. पण यातून धडा कर कसा लावायचा याचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये घरं गरम ठेवायला लागणाऱ्या तेल-वायूवर २००८ पासून कार्बन कर आहे, म्हणजे जितका कार्बन हवेत सोडाल तितके पैसे भरा. जमा रकमेचा साधारण दोन-तृतीयांश भाग लोकांना आणि उद्योगांना परत जातो. लोकांच्या वाट्याचे पैसे सगळ्यांना सारखे, आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होऊन मिळतात. कमी जाळणारा फायद्यात राहतो, आणि कमी जाळणारा बहुतेकदा कमी कमावणाराच असतो. जगातल्या सर्वात श्रीमंत १० टक्के लोकांचा उत्सर्जनातला वाटा जवळपास निम्मा आहे. तेव्हा गरिबाची ढाल पुढे करून सगळ्यांनाच मोकळं सोडलं, तर त्यात सुटतं कोण?

अर्थव्यवस्थेचं उत्तर स्वीडनने दिलंय. तिथे १९९१ पासून कार्बन कर आहे. १९९० ते २०१७ या काळात देशातलं उत्सर्जन सुमारे चतुर्थांशाने घटलं, अर्थव्यवस्था तीन-चतुर्थांशाने वाढली. सगळं श्रेय एकट्या कराचं नाही, पण कराने देश बुडाला नाही हे नक्की.

तंत्रज्ञान हवंच. पण १८६५ मध्येच जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने दाखवलं होतं, की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप वाढला. स्वस्त झालेली गोष्ट माणूस जास्त वापरतो. वापराला कुठेतरी मर्यादा घालणारा नियम नसेल, तर बचत केलेलं पुन्हा खर्चच होतं.

राहिलं लोकांनी खपवून घेण्याचं. स्टॉकहोममध्ये जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने शहराच्या मध्यभागात गाडी नेण्यावर शुल्क लावून पाहिलं. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते. प्रयोगाच्या काळात त्या हद्दीतून जाणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. शुल्क थांबलं तशा गाड्या पुन्हा वाढल्या, आणि लोकांना दोन्ही चित्रं डोळ्यांनी बघायला मिळाली. सप्टेंबरमध्ये सार्वमत झालं. शहरातल्या मतदारांनी थोड्या बहुमताने शुल्क हवं असा कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायमचं सुरू झालं.