कणाद, डाल्टन आणि तो फॉरवर्ड

फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज परत आलाय. महर्षी कणादांनी इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डाल्टनच्या 2500 वर्षं आधी अणू शोधला, त्यांचं द्व्यणुक (दोन परमाणूंची जोडी) म्हणजेच आजचा रेणू, इंग्रजांनी ग्रंथ पळवून सगळं डाल्टनच्या नावावर खपवलं, आणि हे शाळेत मुद्दाम शिकवत नाहीत. काकांना तिथे उलट बोलता येत नाही म्हणून इथे लिहितोय.

"अणू शोधला". शोधला नाही हो, विचार मांडला, आणि विचार भारीच आहे. तुकडे करत गेलो आणि कुठे थांबलोच नाही तर मेरू पर्वत आणि मोहरी सारखेच ठरतील, दोन्हीत तुकडे अनंत, म्हणून कुठेतरी थांबायलाच हवं, हा वैशेषिकांचा, म्हणजे कणादांच्या दर्शनाच्या पंडितांचा, युक्तिवाद वाचताना आजही मजा येते. पण त्यांचे परमाणू चारच जातींचे: पृथ्वी, पाणी, तेज, वायू. सोनं कशात? तेजात! तर्कसंग्रह हा याच परंपरेतला ग्रंथ उघडून बघा, सोनं चक्क अग्नीच्या कुळात बसवलंय. आणि 1909 मध्ये मँचेस्टरला रुदरफोर्डच्या हाताखालच्या पोरांनी अल्फा कण मारले ते याच सोन्याच्या वर्खावर, त्यातले थोडे उलटे फिरले म्हणून तर 1911 मध्ये अणुकेंद्रक कळलं.

"द्व्यणुक म्हणजे रेणू". इथे जरा कवडशात बसून बघा, धूळ नाचताना दिसते ना, तिचा एक कण म्हणजे त्र्यणुक, तीन द्व्यणुकं, हिशोब केला तर फक्त सहा परमाणू. प्रत्यक्षात तशा बारीकशा कणातही लाखो कोटी अणू असतात. शिवाय द्व्यणुकात दोन्ही परमाणू एकाच जातीचे, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं ही गोष्ट त्यात बसतच नाही, कारण पाणी तिथे मुळातच मूलद्रव्य.

"डाल्टनने चोरलं". काय चोरलं? त्याच्याकडे होते वजनाचे आकडे. कार्बनपासून दोन वायू बनतात, तेवढ्याच कार्बनला एकात जितका ऑक्सिजन लागतो त्याच्या बरोब्बर दुप्पट दुसऱ्यात, दीडपट नाही पावणेदोनपट नाही, मग ऑक्सिजन सुट्या नगांनीच जोडला जात असणार. 1803 मध्ये त्याने अणूंच्या तुलनात्मक वजनांचा तक्ता मांडला, तो चुकलासुद्धा, पाण्यात एक हायड्रोजन एक ऑक्सिजन धरला आणि 1808 च्या पुस्तकात ऑक्सिजनचं वजन 16 ऐवजी 7 छापलं. पण चूक वजनाची होती म्हणून वजन करूनच पकडता आली, परमाणूंना अदृष्ट, म्हणजे न दिसणारी शक्ती, हलवतं म्हटल्यावर काय मोजणार? आणि वैशेषिकांवरचा कोलब्रुक या इंग्रज संस्कृत अभ्यासकाचा निबंध आला 1820 च्या दशकात, म्हणजे डाल्टनचा अणुसिद्धांत छापून झाल्यावर.

बरं, डाल्टनलाही कुणी लगेच डोक्यावर घेतलं नव्हतं. ऑस्टवाल्डसारखा बडा रसायनशास्त्रज्ञ शंभर वर्षांनीसुद्धा अणू मानत नव्हता, 1908 च्या सुमारास फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेरँचे प्रयोग बघून मानला. आणि अणू फुटत नाही हे कणाद आणि डाल्टन दोघांचंही म्हणणं 1897 मध्ये थॉमसनच्या इलेक्ट्रॉनने निकालात काढलं होतंच.

"शाळेत शिकवत नाहीत". एनसीईआरटीच्या नववीच्या विज्ञानात अणू-रेणूंच्या धड्याच्या सुरुवातीलाच वर्षानुवर्षं कणाद होते, सोबत पकुध कात्यायन हा दुसरा प्राचीन भारतीय विचारवंतही. पकुधाच्या नावाने मात्र मला अजून एकही फॉरवर्ड आलेला नाही.