ललिता पवार म्हणजे शिवी नाही

काल संध्याकाळी कट्ट्यावर जो वाद झाला तो लिहून काढतोय, कारण रात्री अंथरुणावर पडल्यावरही माझं मनातल्या मनात भांडण चालूच होतं आणि जे तेव्हा सुचलं नाही ते सगळं आत्ता सुचतंय.

सुरुवात पिंट्याने केली. त्याच्या बहिणीच्या सासरी काहीतरी कुरबुर चालू आहे, तो वैतागून आला, टपरीवाल्या मावशींना कटिंग सांगितला आणि बसता बसता म्हणाला, "काय सांगू भो, ती बाई म्हणजे एकदम ललिता पवार आहे." खाष्ट सासूला सिनेमातल्या या नटीचं नाव द्यायचं, आपल्याकडे हे इतकं सर्रास बोलतात की कुणी मान पण वर करत नाही. पण मास्तर बसलेले होते. चित्रकलेचे मास्तर, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, सिनेमाचं वेड मात्र तसंच. ते म्हणाले, "पिंट्या, येवल्यात बसून असं बोलतोस? ती आपल्या गावची पोर. १९१६ साली इथे जन्मली, अंबा नाव होतं, बाप रेशमाचा व्यापारी."

रेशीम म्हटल्यावर नानांनी मान वर केली. नाना पैठणी विणतात, दिवसभर मागावर बसून पाठ धरलेली असते म्हणून संध्याकाळी कट्ट्याला टेकायला येतात, फार बोलत नाहीत.

पिंट्या म्हणाला गावची असेल पण काम तर तसंच केलं ना, डोळा बारीक करून सुनेला छळायचं. आणि ते पण कसं, त्या थपडेमुळे. त्याने मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघितलेला, त्यात सांगितलं होतं की १९४२ ला 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगला नट भगवान मास्टरांनी सीनमध्ये खरीखुरी जोरात थप्पड मारली, चेहऱ्याला लकवा मारला, डाव्या डोळ्याची नस फाटली, तीन वर्षं उपचार, हिरॉइनचं करिअर संपलं आणि खलनायिकेचं सुरू झालं. "म्हणजे नशीबच म्हणायचं ना, थप्पड बसली नसती तर ही बाई कुणाच्या लक्षात पण राहिली नसती."

हे ऐकून माझं डोकंच सटकलं.

मी म्हणलं थांब. थप्पड खरी, डोळा अधू झाला हे पण खरं, पण तिची गोष्ट तिथून सुरू होते असं जे सगळे सांगतात ना ते साफ चूक आहे. १९४२ ला ही बाई नवखी नव्हती. मूकपटांच्या काळात, लहान पोर असताना पुण्यात सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीत कामाला लागलेली. १९३१ चा 'दिलेर जिगर' नावाचा मूकपट आहे, आपल्याकडचे बहुतेक मूकपट नष्ट झाले पण हा शिल्लक राहिलाय, त्यात ही कसरती करणारी पोरगी, चेहऱ्यावर मुखवटा बांधून तलवार घेऊन अन्यायाचा बदला घेते. पंधरा वर्षांची होती! पुढच्याच वर्षी 'कैलाश'मध्ये काम तर केलंच, निर्मितीत पण भागीदार होती. १९३८ ला 'दुनिया क्या है' काढला, टॉलस्टॉयच्या कादंबरीवरचा, त्याची निर्माती हीच. स्टंट केले, बोलपट आल्यावर गाणी म्हणली, मास्टर विनायकांच्या 'अमृत'मध्ये काम केलं, त्याची कथा वि. स. खांडेकरांची. एवढं सगळं थपडेच्या आधीचं आहे. आणि आपण काय लक्षात ठेवलं तर तिला कुणी मारलं ते.

पिंट्या गप्प बसणाऱ्यातला नाही. म्हणाला ठीक आहे, आधीचं मान्य, पण नंतर जे काही मिळालं ते डोळ्यामुळेच मिळालं, त्यात अभिनय कुठे आला, तो तर चेहराच तसा झालेला.

मास्तरांनी इथे एक मुद्दा काढला जो मी आधी कधी असा जोडून बघितलाच नव्हता. ते म्हणाले, "तीन वर्षं, तीन वर्षं करताय तर जरा हिशोब करा. थप्पड १९४२ ची. 'रामशास्त्री' कधीचा? १९४४ चा. प्रभात फिल्म कंपनीचा. गजानन जागीरदार रामशास्त्री, आणि आनंदीबाई कोण?"

आनंदीबाई म्हणजे ललिता पवार. 'ध' चा 'मा' करणारी! मराठी माणसाच्या मनात जी सगळ्यात कपटी बाई बसलेली आहे, जिच्यावरून भाषेत वाक्प्रचार पडला, ती भूमिका हिने त्या उपचारांच्या काळातच कधीतरी केली असणार. म्हणजे औषधं चालू असतील, चेहरा अजून धड हाताशी आला नसेल, आणि ती प्रभातच्या सेटवर पेशवाईतली बाई होऊन उभी. मला त्या विचाराने गलबलून आलं खरं सांगतो. चेहरा हेच ज्यांचं भांडवल त्यांचा अर्धा चेहरा ऐकेनासा झाला की काय होत असेल? आपण दाढदुखीने दोन दिवस दुकान बंद ठेवतो.

मास्तर म्हणाले अपघाताने डोळा बारीक होतो, अपघाताने आनंदीबाई होत नाही. डोळे अधू झालेले लोक जगात लाखोंनी आहेत.

मी अजून एक सांगितलं आणि हे मी आजही कुणाला पण सांगायला तयार आहे. आवाज बंद करून तिचे दोन सिनेमे शेजारी शेजारी लावून बघा, एक 'अनाड़ी' आणि एक 'जंगली'. दोन वर्षांचं अंतर आहे मध्ये, १९५९ आणि १९६१. 'जंगली'मधली आई म्हणजे घरात हसायचं नाही, खानदानाची शिस्त, मान ताठ, नजर जिन्यावरून खाली. 'अनाड़ी'मधली मिसेस डिसा म्हणजे भाडेकरूला कडकड बोलणारी आणि बोलता बोलता त्याच्या पोटाची काळजी करणारी मुंबईची ख्रिश्चन घरमालकीण. डोळा तोच ना? तो तर बदलता येत नाही. मग एकीकडे त्या डोळ्याची भीती वाटते आणि दुसरीकडे त्याच डोळ्यातून माया दिसते हे कसं काय होतं? ती बोलायच्या आधी एक क्षण थांबते, मान जराशी वळवते, हात कमरेवर ठेवते की पदराशी खेळवते, सगळा फरक तिथे आहे. डोळ्याला तिने कामाला लावलं. डोळ्याने तिला नाही.

मिसेस डिसासाठी तिला फिल्मफेअर मिळालं, सहाय्यक अभिनेत्रीचं. पिंट्या लगेच, "बघ, सहाय्यकच." आता हा शब्दच मला कधी पटला नाही. कुणाला सहाय्य? 'अनाड़ी'ची गोष्ट बघा, मिसेस डिसाला फ्लू होतो, ती औषध घेते, त्या कंपनीच्या औषधात विष असतं आणि ती मरते, आरोप तिच्या भाडेकरूवर, म्हणजे राज कपूरवर. तिथपर्यंत आपल्याला ती बाई स्वतःच्या घरातली वाटायला लागली नसेल तर पुढच्या कोर्टाचं, कंपनीचा मालक झालेल्या मोतीलालच्या कबुलीचं कुणाला काय पडलंय? सगळा सिनेमा तिच्या मरणावर उभा आहे.

तेव्हा नाना पहिल्यांदा बोलले. ते एवढंच म्हणाले, "काठ वेगळा काढून बघ ना पैठणीचा. मग उरतं ते साधं रेशमी लुगडं." आणि परत चहा प्यायला लागले.

यावर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग पिंट्याने जो मुद्दा मांडला तो मात्र मला मान्य करावा लागला. तो म्हणाला तुम्ही एवढं कौतुक करताय तर मग मला सांगा, इतक्या मोठ्या नटीला आई, सासू, मावशी, आत्या सोडून काय दिलं लोकांनी? आणि त्याने मोबाईल काढून वर्षं बघितली. 'दाग' १९५२ चा, त्यात ती दिलीप कुमारची आई. दिलीप कुमारचा जन्म डिसेंबर १९२२ चा, हिचा एप्रिल १९१६ चा. सात वर्षांचं पण अंतर नाही! छत्तीस वर्षांची बाई एकोणतीस वर्षांच्या माणसाची आई. 'श्री ४२०' ला ती एकोणचाळीसची, आणि राज कपूर तिशीचा, तिथे पण ती केळी विकणारी गंगामाई. हिरो पन्नाशीपर्यंत कॉलेजात जाणार आणि त्यांच्या बरोबरीच्या बाईने पस्तिशीतच केस पांढरे करायचे. हे थपडेमुळे नाही झालं, हे धंद्याने केलं, दुर्गा खोटे, लीला चिटणीस, सुलोचनादीदी सगळ्यांचं तेच, आणि त्यांचे डोळे तर धडधाकट होते.

पिंट्याला वाटलं की तो माझ्याविरुद्ध बोलतोय. पण त्याने माझंच काम केलं होतं. डोळ्याने करिअर बदललं ही गोष्ट सांगितली की धंद्याचा दोष झाकला जातो, सगळं एका थपडेच्या नावावर खपतं.

पण त्या चौकटीत सुद्धा बघा तिने काय काय केलं. 'मिस्टर अँड मिसेस ५५' मधली सीतादेवी ही बायकांच्या हक्कांसाठी भांडणारी, सिनेमा तिची टिंगल करतो, मला ते आवडत नाही, पण ती स्वतः त्या बाईला टिंगलीची वस्तू होऊ देत नाही, ठाम उभी राहते. 'प्रोफेसर'मध्ये (१९६२) तर माझ्या मते तिचं सगळ्यात अवघड काम आहे. कडक अविवाहित आत्या, म्हाताऱ्याच्या वेषातल्या शम्मी कपूरच्या प्रेमात पडते आणि हळूच नटायला लागते. लोक थिएटरात हसले असतील, हसण्यासाठीच लिहिलंय ते. पण तिचा चेहरा बघा तेव्हा. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्याकडे बाई म्हणून बघतंय याचा आनंद आणि लाज दोन्ही एकदम. हसू येतं आणि लगेच गळ्याशी अडकतं. १९६१ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो काय उगाच नाही.

मावशी इतका वेळ भांडी घासत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे पिच्चरचं बोलताय. मी सांगू का, आमच्याकडे रामायण लागायचं तेव्हा काय व्हायचं ते?"

१९८७ ची गोष्ट. जानेवारीत रामायण सुरू झालं, रविवारी सकाळी रस्ते ओस, गल्लीत एकाकडे टीव्ही आणि त्याच्या घरात पन्नास माणसं, चपलांचा ढीग बाहेर. मावशी तेव्हा नव्या लग्नाच्या होत्या, त्या आणि त्यांची सासू दोघी जायच्या. मंथरा आली, कुबड काढून, वाकून कैकेयीच्या कानाशी लागली की सगळ्या बायका कडाकडा बोटं मोडायच्या. त्यात मावशींची सासू सगळ्यात पुढे. "आणि घरी आल्यावर आठ दिवस माझ्याशी गोड वागायची," मावशी म्हणाल्या. "मला नंतर कळलं, तिला भीती वाटायची की लोक आपल्याला पण तसं म्हणतील."

मास्तरांनी सांगितलं की मंथरा तिने त्याच्याही आधी केलेली, १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये. म्हणजे सव्वीस वर्षांनी तीच भूमिका परत, वय एकाहत्तर, शूटिंग उमरगावला. आणि तेव्हा तर क्लोजअप घराघरात, दोन हातांवर. थिएटरातली खाष्ट सासू तीन तासांत संपायची, ही आठवड्याला घरी यायला लागली. लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने परत दाखवलं तेव्हा माझ्या पोरीने पण तिला शिव्या घातल्या. तिला ललिता पवार हे नाव सुद्धा माहीत नव्हतं.

मावशींचं झालं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पण एक सांगा. पिच्चरमध्ये सासू छळते तेव्हा तिचा मुलगा काय करत असतो? नवरा काय करत असतो? ते बरे सुटतात. सगळ्यांनी सासूला शिव्या घालायच्या की झालं. पिंट्या, तुझा भाऊजी काय करतो रे, बहिणीला बोलतात तेव्हा?"

पिंट्या काही बोलला नाही. खरंच काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं म्हणजे काय हे आम्हाला सगळ्यांना माहितीये.

मला तेव्हा वाटलं की हीच गोष्ट ललिता पवारांच्या बाबतीत पण झाली. लेखकाने लिहिलं, दिग्दर्शकाने सांगितलं, निर्मात्याने पैसे कमावले आणि शिवीला नाव दिलं हिचं. 'दहेज'सारखा सिनेमा व्ही. शांतारामांनी १९५० मध्ये हुंड्याविरुद्ध काढला, त्यात ही सासू होती. त्या सासूचा राग आल्याशिवाय हुंड्याचा राग कसा येणार? तो राग तिने स्वतःच्या अंगावर घेतला. मग तो आयुष्यभर तिच्याच अंगाला चिकटला.

मास्तर म्हणाले ती १९९८ च्या फेब्रुवारीत गेली, पुण्यात औंधला. पिंट्याने विचारलं, तोपर्यंत काम करत होती का? मास्तर म्हणाले ऐंशी पार केली होती तिने, लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर, मोज किती वर्षं होतात. पिंट्याने मोजली नाहीत. त्याने फोनवर 'अनाड़ी' शोधला, मिसेस डिसाचा कुठलातरी प्रसंग लावला आणि आम्ही चौघं त्या एवढ्याशा स्क्रीनवर डोकी घालून बघत बसलो. रस्त्यावरच्या गाड्यांमुळे आवाज काही ऐकू येत नव्हता, म्हणजे मी म्हणलो होतो तसंच झालं, आवाज बंद.

नाना म्हणाले, "हात बघा हिचे." विणकर माणूस, त्याचं लक्ष हाताकडेच जाणार. मी इतक्या वेळा बघितलाय तो सिनेमा पण हाताकडे कधी बघितलं नव्हतं.

रविवारी मास्तरांकडे 'प्रोफेसर' लावायचं ठरलंय. मावशी म्हणाल्या मी पण येणार, फक्त चारनंतर ठेवा, टपरी बंद करून येते. आणि जाताना पिंट्या मला म्हणाला की तो उद्या बहिणीकडे जाऊन येतो, भाऊजीशी बोलायचंय.