नांदेडला कोळसा, बंगालात होड्या!

हिंदुस्थानचा तो जुना रंगीत चित्रनकाशा भावकीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी गप्प बसलो. काल भाचीने विचारलं, "मामा, शाळेच्या प्रकल्पात लावू का?" मग मात्र डोकं फिरलं. खाली मजकूर असा: 'इंग्रजांनी १९४३ मध्ये केलेली पक्की पाहणी. मराठवाड्यात कोळसा होता, तो दडपला. धान्य तर भरपूर होतं, बंगालचा दुष्काळ ही मागाहून रचलेली कहाणी.'

कोळशाचं आधी उरकतो. नांदेडवर कोळशाचा ढीग काढलाय. आपल्याकडे विहीर खांदली की मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. सुरुंगांच्या खर्चात माणूस बुडतो, पण कोळसा कुणाला लागलाय? तेव्हा आपण निजामाच्या संस्थानात होतो आणि संस्थानचा कोळसा निघायचा तिकडे तेलंगणात, सिंगरेणीच्या खाणींतून. चितारणाऱ्याला नांदेडवर मोकळी जागा दिसली असेल.

आणि पाहणी कसली? आपल्याकडे माल किती आहे हे दाखवून लोकांना धीर द्यायला युद्धात असले नकाशे छापत. मॅकडोनाल्ड गिल या इंग्रज चित्रकाराने १९४० मध्ये चहाच्या प्रचारासाठी अख्ख्या जगाचा असाच नकाशा केला होता. त्यावरून चहाची पोती मोजायची का? परभणीवरचं कापसाचं बोंड खरं, बिहारवरचा अभ्रकही खरा, तेवढं कबूल. पण ते बोंड जालन्यापर्यंत पसरलंय!

दुष्काळाचं मात्र सोडणार नाही. बंगालवर भाताच्या पेंढ्या आणि शीड उभारलेली होडी काढलीय. जपानी उतरतील या धास्तीने १९४२ मध्ये सरकारनेच किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांतून तांदूळ उचलला आणि दहापेक्षा जास्त माणसं बसतील अशा होड्या काढून घेतल्या. त्या पाणथळ मुलखात होडी गेली की बाजार गेला, मासेमारी गेली, नदीपलीकडचं शेतही गेलं. चित्रातली होडी तेवढी डौलात उभी.

पटत नसेल तर या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या वुडहेड आयोगाचा १९४५ चा अहवाल बघा. आयोग सरकारने नेमलेला, अध्यक्ष इंग्रज, आणि मृतांचा आकडा सुमारे १५ लाख. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. ज्यांच्या राज्यात लोक मेले त्यांनी कबूल केलेलं आमची भावकी खोडून काढतेय, तेही अंगठे दाखवत!

भाचीला सांगितलंय, नकाशा खुशाल लाव. फक्त त्या होडीशेजारी लाल पेनने १९४२ लिही, आणि बाईंनी विचारलं तर अहवालाचं नाव सांग.