टर्मिनेटर बियाणं: जे कधी बाजारात आलंच नाही

गेली कित्येक वर्षं एक संदेश फिरतो आहे. शब्द बदलतात, मजकूर तोच राहतो. जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या बियाण्यात 'टर्मिनेटर' नावाचं जनुक घातलेलं असतं. त्या पिकाचे दाणे जपून पुढच्या हंगामात पेरले तर उगवत नाहीत. म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी कंपनीच्या दारात जावं लागतं. आणि शेजारच्या रानातून पराग उडून आला की आपलं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं वाणही वांझ होतं. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. बियाण्यावरचा हक्क हातातून निसटतो आहे ही त्यांची कळ खरी आहे. पण त्या कळीचं जे कारण ते सांगतात ते खोटं आहे, आणि त्यामुळे खऱ्या दुखण्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

"जीएम बियाण्यात टर्मिनेटर जनुक असतं."

कल्पना होती, पेटंटही होतं. ३ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत ते मिळालं आणि त्याचे मालक दोघे होते: डेल्टा अँड पाइन लँड ही कपाशीच्या बियाण्याची कंपनी आणि खुद्द अमेरिकी सरकारचं कृषी खातं. 'टर्मिनेटर' हे नाव त्यांनी ठेवलेलं नाही. ते दिलं विरोध करणाऱ्या 'राफी' या संस्थेने, आणि ते इतकं चपखल बसलं की मूळ नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

त्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एक जनुक दाणा पक्व होत आला की विष तयार करून आतला भ्रूण मारणार. पण या जनुकाच्या मध्ये एक अडसर घातलेला, म्हणून ते सुरुवातीला गप्प. दुसरं जनुक हा अडसर कापून काढणार. तिसरं जनुक त्या दुसऱ्याला दाबून ठेवणार. विक्रीआधी बियाणं टेट्रासायक्लीन या प्रतिजैविकात भिजवलं की तिसऱ्याची पकड सुटणार आणि पुढची साखळी सुरू होणार. शेतकऱ्याचं पीक नेहमीसारखं येणार, दाणाही भरणार, पण तो दाणा उगवणार नाही. ही सगळी साखळी शेतातल्या प्रत्येक रोपात न चुकता घडायला हवी होती.

ते बियाणं शेतकऱ्याला विकण्यापर्यंत गोष्ट कधी गेलीच नाही. जगभर ओरड झाली. ऑक्टोबर १९९९ मध्ये मोन्सँटो या जीएम बियाण्याच्या बड्या अमेरिकी कंपनीचे प्रमुख रॉबर्ट शपिरो यांनी रॉकफेलर फाउंडेशन या दानसंस्थेचे अध्यक्ष गॉर्डन कॉनवे यांना पत्र लिहून वांझ बियाण्याचं तंत्र बाजारात न आणण्याचं जाहीर वचन दिलं. २००० साली नैरोबीत जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी अशा बियाण्यांच्या शेतातल्या चाचण्यांना मान्यता देऊ नये असं ठरवलं, आणि २००६ मध्ये ब्राझीलमधल्या कुरितिबा इथे तो निर्णय कायम ठेवला. भारताच्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानुसार हे तंत्र असलेल्या वाणाची नोंदणी होत नाही. ब्राझीलने २००५ च्या कायद्याने त्यावर बंदीच घातली. हा विजय शेतकरी संघटनांचा आणि कार्यकर्त्यांचा आहे. 'टर्मिनेटर सगळीकडे आहे' असं सांगत राहणं म्हणजे त्यांनी जिंकलेली लढाई हरली असं सांगणं, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं.

"जीएम पिकाचे दाणे पुन्हा उगवत नाहीत."

याचं उत्तर दक्षिण अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी कधीच दिलेलं आहे. अर्जेंटिनात तणनाशक सहन करणाऱ्या जीएम सोयाबीनला १९९६ मध्ये परवानगी मिळाली. शेतकऱ्यांनी घरचं बियाणं राखलं, आपसात वाटलं, विकलं. ते सीमा ओलांडून दक्षिण ब्राझीलमध्ये शिरलं, जिथे त्याला परवानगीच नव्हती. तिथले लोक त्याला 'माराडोना' म्हणायचे. पेरा इतका वाढला की २००३ मध्ये ब्राझील सरकारला त्या पिकाच्या विक्रीला मुभा द्यावी लागली. वांझ दाण्याने हे कसं केलं असतं?

दुसरा पुरावा न्यायालयातला आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका शेतकऱ्याने धान्य कोठारातून साधं, खाण्याच्या मालातलं सोयाबीन आणून पेरलं, त्यावर तणनाशक फवारलं, जगलेल्या झाडांचं बी राखलं, आणि अशी आठ पिकं घेतली. जगली ती मोन्सँटोचं पेटंट असलेली जीएम झाडं होती, म्हणून मोन्सँटोने दावा लावला. १३ मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि ८४,४५६ डॉलरची भरपाई कायम राहिली. बी उगवत होतं, म्हणूनच हा खटला उभा राहिला. बियाणं स्वतःच मरत असतं तर कंपनीला वकील लागले नसते.

"म्हणूनच दरवर्षी बियाणं विकत घ्यावं लागतं."

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. पहिली गोष्ट संकराची. दोन शुद्ध वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत जोम येतो. त्या पिकाचे दाणे राखून पेरले तर ते उगवतात, पण रोपं एकसारखी येत नाहीत आणि जोम ओसरतो. मक्यातला हा प्रकार जॉर्ज शल यांनी १९०८-०९ च्या सुमारास मांडला आणि १९३० च्या दशकात अमेरिकी शेतकरी संकरित मका दरवर्षी विकत घेऊ लागले. जीएम पिकं मोठ्या प्रमाणावर आली १९९६ पासून, म्हणजे साठेक वर्षांनी. भारतातली बीटी कपाशी, म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेली कपाशी, जवळपास सगळी संकरित वाणांतूनच आली. राखलेली सरकी उगवते, पण बीटीचं जनुक संकराच्या एकाच पालकाकडून आलं असेल तर पुढच्या पिढीत चारातल्या एका झाडात ते नसतं, आणि अळी त्यावर ताव मारते. हे बघणाऱ्याला वाटतं, कंपनीने काहीतरी घातलंय. ही मेंडेलने सांगितलेली आनुवंशिकतेची वाटणी आहे, जीएम नसलेल्या संकरातही तीच चालते.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि खरं कुलूप तिथे आहे. अमेरिकेत पेटंट आणि पिशवीवरचा करार मिळून राखलेलं बी पेरायला मनाई करतात. भारतात तोच २००१ चा कायदा शेतकऱ्याला राखलेलं बियाणं पेरायला, देवाणघेवाण करायला, विकायलाही परवानगी देतो. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावाखाली विकता येत नाही. हक्क कुणाकडे राहावा हे त्या त्या देशाच्या संसदेत ठरलं. बांगलादेशात २०१४ च्या जानेवारीत सरकारी कृषी संशोधन संस्थेने बीटी वांग्याची रोपं वीस शेतकऱ्यांना दिली. ते वाण सरळ होते, म्हणजे संकरित नव्हते, बी राखण्याजोगे. तंत्र तेच, पण वाण सरळ निवडला आणि तो सार्वजनिक संस्थेकडून आला, म्हणून परिणाम वेगळा झाला.

"शेजारच्या परागामुळे आपलं वाण वांझ होईल."

बाजारातल्या जीएम पिकांत दाणा वांझ करणारं टर्मिनेटर जनुक नाही, म्हणून परागातूनही ते येणार नाही. १९९८ मधली शंका मात्र पोकळ नव्हती. ते तंत्र शेतात आलं असतं तर परपरागीभवन होणाऱ्या पिकात शेजाऱ्याचे काही दाणे खरंच मेले असते. पण मेलेला दाणा पुढची पिढी देत नाही, त्यामुळे वांझपणा वर्षानुवर्षं पसरत जातो हे जीवशास्त्रात बसत नाही. खरी काळजी उलट्या बाजूची आहे. जीएम झाडं सुपीक आहेत म्हणूनच त्यांची जनुकं इकडेतिकडे जाऊ शकतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात तणनाशक सहन करणारं एक जीएम गवत चाचणीच्या रानातून निसटलं आणि अनेक वर्षांनीही कालव्यांच्या काठी सापडत राहिलं. पारंपरिक वाणांचं शुद्ध बी वेगळं राखायचं असेल तर अंतर, फुलोऱ्याचा काळ, कुंपणाच्या ओळी यांचा हिशेब करावा लागतो. ते अंतर कुणी पाळायचं, आणि मिसळ झाली तर भरपाई कुणी द्यायची, यावर वाद घालायला हवा.

शंका उरलीच असेल तर मागच्या हंगामात जीएम पिकाचे राखलेले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवडाभर ओल टिकवा आणि कोंब मोजा.