‘दर अगदी कमी ठेवा, व्हिडिओ भरपूर टाका’ हा सल्ला हस्तकलेच्या मेंबरशिपला लागू पडत नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, गेल्या महिन्यात मला तो पाच जणींनी पाठवला आणि पाचही जणी विचारत होत्या की असं खरंच करता येतं का. मेसेज थोडक्यात असा: तुमच्या हातात कला आहे ना, मग ट्युटोरियल एकदाच शूट करा आणि दरमहा पैसे भरून बघायची मेंबरशिप चालू करा, दर इतका कमी ठेवा की माणूस विचार न करता भरेल, हजार मेंबर झाले की घर चालतं, दर आठवड्याला नवा व्हिडिओ टाकला की कुणी सोडून जात नाही, यूट्यूबवर फुकट टाकणं बंद करा, आणि सुरुवातीलाच पैसे हवे असतील तर लाइफटाइम मेंबरशिप विका.

मी क्रोशे शिकवते. मेंबरशिप चालवायला लागून हे चौथं वर्ष, आणि यातल्या दोन गोष्टी मी पहिल्या वर्षी अगदी अशाच केल्या होत्या, त्यामुळे त्या का चालत नाहीत ते मला जवळून माहिती आहे. नव्याने सुरू करणाऱ्यांचं या मेसेजने खरंच नुकसान होतंय म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

मेसेजमधला क्रम सोडून आधी दर आठवड्याच्या नव्या व्हिडिओचं बघू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. हा सल्ला आलाय सिनेमे आणि मालिका दाखवणाऱ्या अॅपवरून. तिथे माणूस फक्त डोळ्यांनी बघतो, दोन तासांचा सिनेमा दोन तासांत संपतो आणि उद्या दुसरा लागतो. आपल्याकडे बघून काही संपत नाही, हातांनी करून संपतं. माझा बाळाच्या टोपीचा व्हिडिओ अर्ध्या तासाचा आहे पण नव्याने शिकणारीला ती टोपी करायला सहा-सात तास लागतात, मधलं उसवणं धरलं तर दहासुद्धा, आणि हे दहा तास तिला एका दिवसात मिळत नाहीत, रात्री सगळं आवरल्यावर अर्धा-पाऊण तास असे तुकड्यातुकड्याने मिळतात. म्हणजे एका टोपीला दोन-तीन आठवडे गेले. शालीचा व्हिडिओ दीड तासाचा, शाल व्हायला दोन महिने. आता तुम्ही दर आठवड्याला नवा प्रोजेक्ट टाकला तर महिन्याला चार झाले, तिची टोपी जेमतेम पूर्ण होतेय आणि तिच्यासमोर तीन नव्या गोष्टी येऊन पडल्यात. तिला त्याचा आनंद होत नाही, ओझं होतं. भरलेल्या पैशाचं आपण काही केलंच नाही असं वाटायला लागतं आणि असं वाटायला लागलं की माणूस सोडतो.

मी पहिलं वर्षभर आठवड्याला एक व्हिडिओ टाकत होते, तब्येत बिघडेपर्यंत. सोडून जाणाऱ्यांना मी कारण विचारायला लागले तेव्हा जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच, ‘खूप साठलंय गं ताई, आधी तेवढं करते मग परत येते’. व्हिडिओ कमी पडतात असं एकीनेही सांगितलं नाही. त्यानंतर मी महिन्याला एकच प्रोजेक्ट ठेवला आणि तोच चार भागात तोडला: पहिल्या आठवड्यात धागा आणि सुई निवडणं आणि नमुन्याचा छोटा चौकोन विणून टाके मोजणं, मधल्या दोन आठवड्यांत प्रत्यक्ष विणकाम, शेवटच्या आठवड्यात धाग्याची टोकं लपवणं, शिवणं, ब्लॉकिंग (विणलेलं ओलं करून, ताणून आकारात वाळवणं). शिवाय महिन्यातून दोनदा लाइव्ह बसायचं, जिथे ज्या ओळीत गडबड झालीय तिचा फोटो आधी पाठवायचा आणि मी ती कशी दुरुस्त करायची ते करून दाखवते. व्हिडिओ आधीपेक्षा कमी झाले आणि दर महिन्याला सोडून जाणाऱ्या निम्म्यावर आल्या. हातात पूर्ण झालेली वस्तू असेल तर माणूस पुढच्या महिन्याला थांबतो, मला तरी याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही सापडलेलं नाही.

आता ‘एकदाच शूट करा’. ज्याने हे लिहिलंय त्याने कॅमेऱ्यासमोर एकही वस्तू पूर्ण केलेली नसावी. वीस मिनिटांच्या व्हिडिओमागे काय असतं ते सांगते: डिझाइन बसेपर्यंत एक नमुना विणून उसवायचा, मग दुसरा नीट विणायचा, मग कॅमेऱ्यासमोर तिसऱ्यांदा, आणि तेही वेगवेगळ्या टप्प्यांवरचे तीन-चार अर्धवट तुकडे आधीच तयार ठेवून, कारण चाळीस ओळी लाइव्ह विणत बसता येत नाही. मग एडिटिंग, सबटायटल, लिखित पॅटर्न, मापांचा तक्ता, आणि दुसऱ्या कुणाकडून तो पॅटर्न विणून तपासून घेणं. माझे एका व्हिडिओला वीस ते पंचवीस तास जातात.

आणि व्हिडिओ टाकल्यावर काम संपतं असंही नाही. अमेरिकन पॅटर्नमध्ये ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, त्यामुळे सुरुवातीला स्पष्ट सांगितलं नसेल तर वर्षभर तोच प्रश्न येत राहतो, आणि जिने तो न विचारताच विणलं तिची टोपी भलत्याच मापाची होते. डावखुऱ्यांसाठी व्हिडिओ आरशासारखा उलटा करून वेगळा द्यावा लागतो, त्यात स्क्रीनवरची अक्षरं पण उलटी होतात म्हणून ती परत टाकावी लागतात. तुम्ही वापरलेला धागा कंपनीने बंद केला की त्याला पर्याय कोणता, सुई किती नंबरची, हे नव्याने लिहावं लागतं. जुने व्हिडिओ सांभाळावे लागतात, हे काम आहे, आणि दर ठरवताना ते धरलंच पाहिजे.

मग दर. ‘इतका कमी की विचार न करता भरेल’. यात पहिली अडचण साध्या गणिताची आहे. पेमेंट घेणाऱ्या कंपन्या बहुतेक वेळा टक्केवारी घेतात आणि वर प्रत्येक व्यवहारामागे एक ठरलेली रक्कम, आणि दर जितका लहान तितकी ती ठरलेली रक्कम जास्त खाते. पेट्रिऑन या, चाहत्यांकडून कलाकारांना दरमहा पैसे मिळवून देणाऱ्या साइटने डिसेंबर २०१७ मध्ये हे ओझं पैसे भरणाऱ्यांवर टाकायचं जाहीर केलं होतं, प्रत्येक पाठिंब्यामागे २.९ टक्के आणि वर ३५ सेंट. म्हणजे एक डॉलर देणाऱ्याला साधारण १.३८ डॉलर पडणार होते. छोट्या रकमा देणारे लोक धडाधड सोडून जायला लागले, कलाकार चिडले आणि आठवड्याभरात कंपनीने माफी मागून निर्णय मागे घेतला. निर्णय मागे गेला तरी प्रत्येक व्यवहारामागचा खर्च कुठे जात नाही, कुणीतरी भरतंच, आणि कमी दर ठेवणाऱ्याच्या बाबतीत तो बहुतेकदा तिच्याच खिशातून जातो. त्यात प्लॅटफॉर्मचा वाटा वेगळा. यूट्यूबच्या चॅनल मेंबरशिपमध्ये कर वगैरे वजा जाऊन उरलेल्यातले ७० टक्के चॅनलला मिळतात, ३० टक्के यूट्यूब ठेवतं. स्वतःची वेबसाइट असेल तर हा वाटा वाचतो पण होस्टिंगचा (साइट आणि व्हिडिओ इंटरनेटवर ठेवायच्या जागेचा) खर्च आणि लॉगिन होत नाही म्हणून येणारे मेसेज तुमच्याकडे येतात.

दर काढायचा कसा, तर मी पैशात नाही, तासांत काढते, कुणालाही तो असाच काढता येईल. समजा तुमचं महिन्याचं सगळं काम ६० तासांचं आहे, यात प्रश्नांची उत्तरं आणि लाइव्ह दोन्ही धरा, ते लोक विसरतात. धागा, होस्टिंग, सॉफ्टवेअर हा खर्च समजा तुमच्या १५ तासांच्या मजुरीइतका. एकूण झाले ७५ तास. ५० मेंबर असतील तर प्रत्येकीकडून तुमच्या दीड तासाची मजुरी हातात पडायला हवी, आणि मध्ये पाचवा हिस्सा कापला जात असेल तर दर जवळपास १ तास ५२ मिनिटांच्या मजुरीइतका येतो. १५० मेंबर असतील तर तोच दर साडेसदतीस मिनिटांवर येतो, पण १५० जणींचे प्रश्न ५० जणींइतके नसतात, त्यामुळे ६० तासांचे ७५-८० होतात आणि गणित परत मांडावं लागतं. हे मांडून बघा आणि मग ‘विचार न करता भरेल’ त्या आकड्याशी लावून बघा, बहुतेक जणींच्या लक्षात येईल की त्या दराने आपण महिनाभर जवळपास फुकट राबणार आहोत. दुसऱ्या कुणाचा दर बघून आपला ठरवणं पण याचसाठी चुकीचं, तिचे तास किती, तिच्याकडे मदतीला कोण आहे, तिचं उत्पन्न मेंबरशिपवरच आहे की धागा विकून येतं, यातलं काहीच आपल्याला बाहेरून दिसत नाही.

आणि माझा अनुभव असा की विचार न करता भरणारी व्यक्ती विचार न करता बंदही करते. थोडा विचार करून आलेली पहिला चौकोन विणून बघते, फोटो पाठवते, अडलं तर विचारते. मला अशाच जणी हव्या असतात आणि शिकवणाऱ्या प्रत्येकीला त्याच हव्या असतील.

‘हजार मेंबर झाले की घर चालतं’ हे वाक्य कुठून आलं त्याचा माग काढला तर तो अमेरिकन लेखक केव्हिन केली यांच्या २००८ च्या लेखापर्यंत जातो. पण त्यांनी मांडलेली कल्पना अशी होती की हजार सच्चे चाहते, आणि प्रत्येकाकडून वर्षाला १०० डॉलरचा नफा, थेट तुमच्या हातात. म्हणजे महिन्याला आठ डॉलरच्या वर, आणि तोही खर्च वजा जाता. फिरणाऱ्या मेसेजने हजार हा आकडा तेवढा उचलला, शंभर सोडून दिला, आणि ‘सच्चे’ हा शब्द पण सोडून दिला. 

दुसरं म्हणजे हजार मेंबर ‘होतात’ आणि मग तिथेच राहतात असं धरलंय. दर महिन्याला १० टक्के लोक सोडत असतील, आणि छोट्या मेंबरशिपला हे काही अशक्य नाही, तर आजच्या हजारातले वर्षाअखेरीस २८० च्या आसपास उरतात. हजारावर टिकून राहायचं तर दर महिन्याला १०० नवे आणावे लागतील, प्रत्येक महिन्याला, सुट्टीच्याही. ५ टक्के सोडत असतील तर ५४० उरतात. म्हणून मी नव्या मेंबरपेक्षा सोडून जाणाऱ्यांकडे जास्त लक्ष देते. यातल्या काही जणींना सोडायचंच नसतं, कार्डची मुदत संपलेली असते, पेमेंट अडकतं आणि त्यांना कळतही नाही, एक साधा मेसेज केला की परत येतात.

फुकट बंद करा या मुद्द्यावर फार लिहीत नाही. तुमचा हात कसा चालतो, तुम्ही घाई न करता समजावता का, कॅमेरा टाक्यावर आहे की तुमच्या चेहऱ्यावर, हे फुकट व्हिडिओशिवाय कुणाला कसं कळणार? मूळ टाके, सुई धरणं, सुरुवातीची साखळी हे सगळं माझ्याकडे उघडं आहे आणि उघडंच राहणार. एक गोष्ट मात्र कधी करू नका, आधी फुकट असलेला व्हिडिओ नंतर पैशामागे टाकू नका, लोकांनी तो आपला मानलेला असतो.

लाइफटाइमबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. काम दर महिन्याला करायचं आणि पैसे एकदाच घ्यायचे, हे किती वर्षं जमणार? मोठ्या कंपन्यांनाही ते जड गेलंय. क्राफ्ट्सी या हस्तकला शिकवणाऱ्या अमेरिकन साइटवर क्लास एकदा विकत घेतला की कायमचा तुमचा असायचा, २०१७ मध्ये एनबीसीयुनिव्हर्सलने तिची बहुतांश मालकी घेतली, पुढे नाव ब्लूप्रिंट झालं आणि भर सबस्क्रिप्शनवर गेला, आणि २०२० मध्ये ते बंद करायचं जाहीर झालं. तेव्हा विकत घेतलेल्या क्लासचं काय होणार या काळजीत किती जणी होत्या. नंतर दुसऱ्या कंपनीने ते घेतलं आणि क्राफ्ट्सी हे नाव परत आलं. तुमच्या-माझ्या मागे असं विकत घ्यायला कुणी येणार नाही, आपण आजारी पडलो तर आपणच, त्यामुळे ‘कायमचं’ हा शब्द पैसे घेऊन देऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

सुरुवातीला रक्कम हातात हवी असेल तर वार्षिक दर ठेवा, दहा महिन्यांच्या पैशात बारा महिने असा साधा हिशोब लोकांना पटकन कळतो, व्यवहार बाराऐवजी एकच होतो आणि कार्ड अडकण्याची भानगड पण वर्षातून एकदाच. पण ती रक्कम आली म्हणजे कमावली असं नाही, अजून बारा महिन्यांचं काम द्यायचंय. मी ती वेगळ्या खात्यात ठेवते आणि दर महिन्याला बारावा हिस्सा काढते, कारण मध्येच बंद करायची वेळ आली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत देता आले पाहिजेत. आणि पैसे घ्यायला सुरुवात करण्याआधी तीन महिन्यांचे तीन प्रोजेक्ट पूर्ण तयार ठेवा, शूट, एडिट, पॅटर्न तपासलेला, सगळं, म्हणजे पहिल्या वीस-तीस जणी प्रश्न घेऊन येतील तेव्हा तुम्ही एडिटिंगला बसलेल्या नसाल.